लोट्याच्या पोटातला फोटो

६ फेब्रुवारी १९५६

महादेवराव भांडेवाले आज सोता घरी आले. पायरीवर उभे राहून म्हणे, "यशोदाबाई, अण्णाजीनं फोटोचं दुकान बंद केलं म्हणते. मंग वासुदेव काय करून राह्यला?"

काय करन माहा पोरगा? घरी बसला हाय. सहा वर्स अण्णाजीच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले. हात लय चांगला. पण गिऱ्हाइकापुढं अण्णाजीनं त्याले कधी उभं केलं नाई. बोलताना अडकते ना पोरगं! पह्यला शब्दच निघत नाई. 'हसा' म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाचं तोंड दुखन.

महादेवरावले भांड्याचं सूचीपत्र छापाचं हाय. लोटे, गुंड, पराती — चाळीस भांडी, फोटोसकट. नक्षीतली पाकळी न् पाकळी दिसली पाह्यजे म्हणे. होळीच्या आत. म्हणजे लगनसराईच्या आधी दुकानादुकानात जाईन. पह्यले एका लोट्याचे नमुने दाखवा, मंग बाकीचं काम.

"माणसाले हसवा लागते, यशोदाबाई. लोट्याले थोडीच हसवा लागते!"

वासुदेवानं तोंड उघडलं. मी म्हणून टाकलं, "करते तो. झालं समजा."

आता कॅमेरा घ्या लागन. घरात तर नाई!

८ फेब्रुवारी

बंडू आला हिंगणघाटहून. माहा लहाना भाऊ, पण बोलते बापासारखा. "बाई, पोट्ट्याले माह्यासंग धाड. कापसाच्या काट्यावर बसवतो. तिथं वजन पाह्याचं, बोलाचं नाई. इथं तर याची गाडी सिग्नलवरच उभी राह्यते!"

सगळ्याईसमोर बोलला. वासुदेव उठून अंगणात गेला.

मी सांगतलं, नमुने पसंत नाई पडले तर ने. शिवरात्रीच्या आधी काय ते ठरन. बंडू म्हणे ठीक हाय.

बोलून बसली. आता निभवा लागन.

१४ फेब्रुवारी

नागपूरले गेलती वासुदेवासंग. सकाळची पॅसेंजर. कॅमेऱ्याच्या दुकानात दोन कॅमेरे पाह्यले. एक लाकडाचा, मोठा, जुना. तीन पायाची घोडी, काळं फडकं, काचेच्या पाट्या — सगळा बाजार! दुसरा लहाना, नवा. घडी केली का खिशात. आत रीळ टाकाचं अन् खटका दाबाचा.

वासुदेव त्या लाकड्या कॅमेऱ्यालेच चिकटला. त्याचा चामड्याचा भाता लांबवून पाहे, आखडून पाहे. मंग भात्यात बॅटरी लावून मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला — भोक असन तर उजेड बाहेर येते म्हणून. मंग काळ्या फडक्यात डोकं. अर्धा घंटा! मी म्हटलं, मुंडकं काढ बाप्पा बाहेर, गाडी जाईन.

मलेही दाखवलं. मागच्या काचेवर समोरची खुर्ची उलटी लटकलेली! खाली डोकं वर पाय. असा उलटा धंदा कोण करते?

दुकानवाला हसून म्हणे, "माताजी, ये जेब में आ जाता है। लकड़ी का बोझा कौन ढोएगा?" मले पटलं. वासुदेव माह्या पदराले धरून काहीतरी म्हणाले पाहे. "मा... मा..." मी म्हटलं, कळलं, कळलं. लहाना द्या.

येताना गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला पोरगा. काऊन फुगला कोण जाणे. सामान हलकं, काम झटपट. खटपट कशाले पाह्यजे माणसाले?

१७ फेब्रुवारी

रीळ धुतलं. लोटा सुपारीएवढा आला!

जवळून काढला तो तर सगळा धुसर. साडेतीन फुटाच्या आत गेलं का त्या कॅमेऱ्याले दिसतच नाई. धुसर पाकळ्या घेऊन महादेवराव काय करतीन?

१८ फेब्रुवारी

आज विचारलं. तुले हे ठाऊक होतं?

मान हलवली.

मंग बोलला काऊन नाई!

त्यानं तोंड उघडलं. मी पाटी-पेन्सिल पुढं केली — बोलता येत नाई तर लिहून देत जा. पाटी उचलली अन् अंगणात फेकली. सव्वीस वर्सात पह्यल्यांदा. फुटली.

तुकडे मीच वेचले.

२१ फेब्रुवारी

पुन्हा नागपूर. लहाना परत केला, लाकडाचा आणला. दुकानवाला कुरकुरला. मी त्याचं काही चालू देलं नाई. सगळं मीच बोलली. वासुदेवानं नुसता भिंगाले हात लावून सांगतलं का हाच.

घोडी खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत मीच आली. हमाल पाहून राह्यले!

आता पुन्हा बदलणं नाई. एकदाच जमलं ते.

२७ फेब्रुवारी

सकाळपासून चिंच लावून लोटा घासला. असा चमकवला का त्यात भांग पाडून घ्यावा. महादेवरावचा मुनीम लोटा घेऊन आलता, तोही बसला पाहत.

वासुदेवानं भाता हातभर लांबवला. काचेवर लोटा हा एवढा — नारळाएवढा! उलटा, पण पाकळी न् पाकळी. जवळ जा अन् भाता लांबव, एवढंच तर होतं ते. तेच सांगत होता तर दुकानात!

मंग भिंगावरचं झाकण काढलं अन् मोजाले लागला. एक, दोन, तीन... बारापर्यंत. मोजताना अडकत नाई. एकदाही नाई! मले हे ठाऊकच नव्हतं. माह्याच घरचं पोरगं.

२८ फेब्रुवारी

काचेची पाटी धुतली, कागदावर छापली. बिघडलं!

लोट्याच्या पोटात सगळं घर आलं. खिडकी, कॅमेऱ्याची घोडी, वाकलेला वासुदेव. अन् बाजूले एक बाई. लुगडं माहं. डोळे माहे. तोंड उघडं — इतकं उघडं का खालचा जबडा धुरासारखा पुसलेला.

बाराच्या बारा मोजेपर्यंत मी बोलत होती. मुनीम त्याले विचारत होता, कॅमेरा कुठून आणला, किती भांडी होतीन दिवसाची. मी उत्तरं देत होती. मुनीम वासुदेवाले विचारे अन् मी सांगे.

अण्णाजी कितीदा म्हणे, यशोदाबाई, या एकदा, बसा, फोटो काढतो. मी म्हणे मले नाई पाह्यजे ते सोंग. पदर सारखा करा, मान वाकडी करा. आता निघाला तर असा!

हा फोटो फाडून टाकजो म्हटलं वासुदेवाले. अन् पाणी आणाले गेली. विहिरीवर बराच वेळ उभी राह्यली.

२ मार्च

चमकच नडते. वासुदेवानं खडूची भुकटी केली. मी ती मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून लोट्यावर हलक्या हातानं थापटली. जिंदगीभर भांडे घासघासून चमकवले, आता चमक मारून राह्यली! चहूकडून पांढरी धोतरं बांधली. खिडकीवरही धोतर. लोट्याले आतमंदी बसवला नवरीसारखा.

मी बाहेर पायरीवर. तोंडात पदर. आतून ऐकू आलं — एक, दोन, तीन.

छापून पाह्यलं. पाकळ्या मोजता येते. लोट्याच्या पोटात कोणीच नाई.

४ मार्च

महादेवराव आले. बंडूही आलाच, वासुदेवाची पेटी भराले लावतो म्हणून. नमुने पाह्यले महादेवरावनं. चष्मा पुसून पुन्हा पाह्यले. मंग म्हणे, "वासुदेव, होळीच्या आत चाळीसही भांडे होतीन ना?"

जिभेवर आलतं माह्या — होतीन! पदर दातात धरला.

वासुदेवाचं तोंड उघडलं. काही निघेना. मान ताणली, डोळे मिटले. महादेवराव जमिनीकडं पाहे. बंडू म्हणे, "होतीन जी, काऊन नाई होणार, याची गाडी जरा —"

"बंडू, चूप बस. त्याचं होऊ दे."

बंडू पाहतच राह्यला माह्याकडं. मीच अशी बोलली का म्हणून.

रस्त्यानं एक बैलबंडी खडखडत आली अन् निघून गेली. मंग आलं एकदाचं — "चा... चाळीस ना... नाई होणार. तीस होतीन. चां... चांगले."

 मी तर चाळीस म्हटले असते! काम गेलं असं वाटलं. महादेवरावनं पुन्हा एकदा फोटो पाह्यले. मंग कागद गुंडाळले अन् म्हणे, "तीस तर तीस. पण असेच. घाईचे चाळीस मले कशाले पाह्यजे? उद्या गुंड धाडतो."

बंडू चारच्या गाडीनं एकटाच गेला. जाताना म्हणे, बाई, तू बदलली. मी म्हटलं, डबा विसरू नको.

९ मार्च

सहा भांडे झाले. वासुदेवानं कामाच्या खोलीत भिंतीवर खिळा ठोकला. पाह्यलं तर तोच फोटो. बिघडलेला. लोट्याच्या पोटातली मी, तोंड उघडं. चौकट करून लावला!

फाडजो म्हटलं होतं ना तुले? काढ तो.

तो बोलाले लागला. मी दारात उभी राह्यली. हातातला चहा निवला.

"मा... माय, तु... तुहा फो... फोटो ए... एकच हाय."

किती वेळ लागला, मी मोजलं नाई.