तळाची दोन बोटं

आई,

काल तुझ्या नातीच्या पिकअपमध्ये डिझेलची जादा टाकी बसवली. पिकअप म्हणजे छोटा ट्रक समज, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यात तिचा जनरेटर असतो. लग्नाचा हॉल, गणपतीचा मांडव, रस्त्याचं काम, जिथे लाइट लागेल तिथे ही गाडी घेऊन हजर. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती. तुझ्या हातावरच्या डागावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "हे काय गं आजी?" तू नकाशा दाखवल्यासारखं सांगायचीस, "हो आमचो गाव." आता ती स्वतः गाडी चालवते, चार माणसं हाताखाली आहेत, आणि माझं ऐकत नाही. जनरेटरची स्वतःची टाकी एवढीशी. दर दोन-तीन तासांनी कॅन उचलायचा, तापलेल्या मशीनवर वाकायचं आणि ओतायचं. एकदा लालबागला मी ते लांबून बघितलं आणि तिथेच सांगितलं, हे बंद, मी टाकी करून देतो. तिला वाटलं बापाचा जीव आहे. आहेच. पण तिला वाकलेली बघून मला कोण दिसलं ते मी बोललो नाही.

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, आठवीत शाळा सोडली. म्हणजे दोघं सारखेच. ह्या कागदाचं पुढे काही व्हायचं नाही, तरी लिहितो. अकराला निघायचंय, तोवर वेळ आहे.

लोकांना वाटतं टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, चार बाजूंनी वेल्डिंग मारलं की झालं. तसं नसतं. तीन एमएमचा पत्रा घेतला, शंभरेक लिटर मावेल अशी लांबुडकी पेटी केली, केबिनच्या पाठीशी आडवी. आत दोन उभ्या पट्ट्या टाकल्या, भोकं पाडून, म्हणजे ब्रेक मारला की सगळं डिझेल एकदम जाऊन आपटत नाही. वर हवा घ्यायला नळी, तिचं तोंड खाली वळवलेलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. हवेला वाट नसली तर टाकी भरलेली असून डिझेल येत नाही, माणूस इंजिन खोलत बसतो. हौद्याचा पत्रा पातळ असतो, त्याच्यावर भार टाकायचा नाही. खाली लोखंडी चॅनल आणि बोल्ट थेट चासीला, मध्ये रबर. मग आत थोडी हवा भरली आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एका कोपऱ्यात बुडबुडा आला. घासून परत मारलं. आरटीओचे कागद तिने आधीच करून आणले होते. कागदाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली नाही.

जनरेटरला डिझेल ओढून नेणारी नळी वरून टाकीत उतरते. ती तळाला टेकवायची नाही, तळापासून दोन बोटं वर कापायची. मी टेप लावत नाही. दोन बोटं आडवी धरतो, खूण करतो, कापतो. चाळीस वर्षं असंच चाललंय आणि गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही. पण ही गिऱ्हाईक नाही ना.

"बाबा, खाली किती सोडलंत?"

"दोन बोटं."

तिने मोबाइल काढला, लांबी-रुंदी टाकली. "सोळा लिटर! सोळा लिटर डिझेल नुसतं खाली पडून राहणार?"

"पाणी तळाला बसतं. ते ओढलं तर तुझा पंप गेला."

"माहितीये मला पाणी तळाला बसतं. मग टाकी जरा तिरकी बसवा ना. पाणी एका कोपऱ्यात जाईल, ड्रेनचं बूच तिथेच आहे, उघडून सोडून द्यायचं. त्यासाठी अख्खा तळ कशाला अडवताय?"

बरोबर होतं तिचं. म्हणूनच मला राग आला. म्हटलं, "मला शिकवू नको. दोन बोटं म्हणजे दोन बोटं."

"कुणी सांगितलं?"

"उस्तादांनी."

"तुमचे उस्ताद ट्रकच्या बॉड्या बांधायचे. टाक्या कधी केल्या त्यांनी?"

इतकी वर्षं मी उस्तादांच्या नावावर ते खपवलं होतं आणि हिने एका वाक्यात पकडलं. मी पाना ठेवला. तोंडातून निघून गेलं, "तळातलं ओढलं की काय होतं ते मी बघितलंय. घरात. स्टोव्हला."

तिचा आवाज खाली आला. "आजीच्या स्टोव्हला? पण ते तर आजोबांनी... आत्या म्हणते ना."

"काय म्हणते आत्या?"

"तुम्हाला माहितीये काय म्हणते. म्हणून तर आजोबांचा फोटो तिच्या घरात नाही. माझ्याकडे पण नाही लावला मी."

तिच्या नव्या घरात तुझा फोटो आहे, हार घातलेला. आबांचा नाही. मला वाटलं होतं भिंतीला जागा नसेल. तिला म्हटलं, रंग ओला आहे, संध्याकाळी ये, आणि मी उगाच ग्राइंडर चालू केला.

तो दिवस तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. तू नळावर निघालेली, पाणी जायची वेळ झालेली. आबा खिडकीशी दाढी करतायत. सकाळीच तुमचं दोघांचं वाजलेलं, ताईच्या स्थळावरून. आबांना ते स्थळ हवं होतं, तुला नको होतं, आणि चाळीच्या सगळ्या गॅलरीने ते ऐकलं होतं. ताई गावी, मामाकडे. तू कळशी उचलता उचलता मला म्हणालीस, "स्टोवात रॉकेल घाल. पंपान काढ. तळाचा दोन बोटां ऱ्हवांदे." नेहमीचंच होतं ते. रेशनचं रॉकेल, त्यात पाणी असायचंच, तू डबा रात्रभर हलवू द्यायची नाहीस आणि शेवटचं दोन बोटं कधी वापरायची नाहीस. मला तो चिकटपणा वाटायचा. असतं तर वापरायचं, ठेवायचं कशाला? खाली पोरं हाका मारत होती, बॅट माझ्याकडे होती. पंप दाबत बसायला दोन मिनिटं लागतात. मी नरसाळं लावलं आणि डबा उपडा केला. शेवटच्या थेंबापर्यंत. डबा रिकामा वाजला ते अजून ऐकू येतं.

तू आलीस, काकडा लावलास, पंप मारलास. मी जिन्यात पोचलो होतो. स्टोव्ह फुरफुरला, विझल्यासारखा झाला, असं तू नंतर सांगितलंस. तू बघायला वाकलीस आणि तो एकदम भडकला. मी तुझा आवाज ऐकला नाही, पातेलं पडल्याचा ऐकला. धावत वर आलो तेव्हा अर्ध्या दाढीचा साबण तसाच आणि आबा उघड्या हातांनी तुझा पदर विझवतायत. गॅलरीतले लोक माझ्या मागोमाग आले. त्यांनी काय बघितलं? सकाळी भांडलेला नवरा, भाजलेली बायको, आणि नवऱ्याचे तळवे काळे. त्या काळात स्टोव्ह भडकला म्हटलं की लोकांना दुसरंच ऐकू यायचं, आणि पुष्कळ घरांत ते खरंही असायचं. आपल्या घरात नव्हतं.

हॉस्पिटलात हवालदाराने आबांना बाहेर काढलं आणि तुला विचारलं. तू म्हणालीस, "माझ्याच हातून झालं. पिन मारली नव्हती." मी पलंगाच्या पायाशी उभा. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, मुद्दाम. बघितलं असतंस तर हवालदारानेही बघितलं असतं. घरी आल्यावर तू पहिलं काम काय केलंस, तर नवा डबा घेतलास, चांगल्या हाताची दोन बोटं तळाशी आडवी लावलीस आणि खिळ्याने पत्र्यावर रेघ ओढलीस. म्हणालीस, "हयसर." एवढंच. एका शब्दाने विचारलं नाहीस, ओरडली नाहीस. मी त्या रेघेकडे बघून शिकलो. उस्ताद वगैरे सगळं नंतरचं.

आबांना कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर बरं, ते उलटून बोलले असते. पत्त्यांना चौथा माणूस नसला तरी आबांना हाक यायची नाही. गणपतीत आरतीचं ताट हातोहात फिरायचं आणि त्यांच्या शेजारच्यापर्यंत येऊन वळायचं. ते बाहेर बाकड्यावर बसेनासे झाले, घरात बसून चपलांना टाके घालायचे, चांगल्या चपलांनासुद्धा. ताई गावाहून आली तर तिला गॅलरीने आधीच सगळं सांगितलेलं. तू तिला सांगितलंस की आबांनी विझवलं, ती म्हणाली, भाजलेल्या सगळ्याच बायका असंच सांगतात. आबा गेले तेव्हा ती नायगावहून आली, दाराशी उभी राहिली, तोंडात पाणी घालायला पुढे झाली नाही. मी तिथेच होतो. मी सांगू शकत होतो. बारा वर्षांचा होतो हे कारण फार तर दहा वर्षं चाललं असतं. आता मी अडुसष्टचा आहे.

तर काल संध्याकाळी पोर परत आली. रंग वाळला होता. मी आपला नेहमीसारखा, घाईत, बोल्ट आवळता आवळता सांगितलं.

"तळाचं मी ओतलं होतं."

"काय?"

"रॉकेल. आजी नको म्हणाली होती. मी डबा उपडा केला. आजोबांनी विझवलं. पेटवलं नाही."

तिने हात टाकीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. समोरच्या टपरीवाल्याने हाक मारली, "दोन कटिंग का तीन?" मग ती म्हणाली, "आत्याला माहितीये?"

"नाही."

"बाबा, काय माणूस आहात तुम्ही," असं म्हणून तिने फोन लावला आणि माझ्या हातात कोंबला.

ताई पलीकडून, "बोल रे पटकन, डोळ्यांत थेंब घातलेत." मी बोललो. तेवढंच, तीन वाक्यं. मग तिचा आवाज आला, एकदम म्हातारा. "हे फोनवर सांगायचं असतं? उद्या घरी ये. जेवायला नाही. नुसता ये."

पोरीने स्वतःच जॅक लावला, मी डाव्या बाजूला एक जाड रबर जादा सरकवला, टाकी ड्रेनच्या कोपऱ्याकडे कलली. मी नळी काढायला गेलो, म्हटलं आता खालपर्यंत नेतो, तर तिने हात धरला. "दोन बोटं राहू दे. तिरकी पण राहू दे." मग डिझेल भरलं, जनरेटर चालू केला. एका दमात लागला, आवाज एकसारखा. केबिनमध्ये चढताना तिने विचारलं, "आजोबांचा फोटो आहे का कुठे?"

"एकच होता. आत्याच्या ट्रंकेत असेल. फाडला नसेल तर."

"उद्या विचारा," म्हणाली आणि गेली. सिग्नलपर्यंत मी बघत होतो, टाकी हलते का. हलली नाही.

आता निघतो. बस पकडेन, नायगाव काही लांब नाही. फोटो विचारायचा आहे, आणि ती काय बोलेल ते उभ्याने ऐकायचं आहे. हा कागद वेल्डिंग रॉडच्या रिकाम्या खोक्यात टाकतो, तिथे कुणी हात घालत नाही.

एक राहिलं. वर लिहिलंय की तू एका शब्दाने विचारलं नाहीस. ते खोडायला हवं, पण कागद खराब होईल. तू विचारलं होतंस. आबांचं तेरावं झालं, माणसं गेली, तू मोरीत कढई घासत होतीस आणि मी पाणी ओतत होतो. तू मान वर न करता म्हणालीस, "तेव्हा तळाचा तूच ओतलंस काय रे?"

मी नाही म्हटलं. रेशनवाल्याचंच पाणी होतं म्हटलं.

तू "बरा" म्हणालीस आणि कढई फिरवून घेतलीस.