येळवशीचं गाणं, डीजे हरिओम मिक्स

नांदेड,
१३ डिसेंबर २०१४

तीर्थस्वरूप वर्षाताईस,

धाकट्या भावाचा, हरिओमचा, शिरसाष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग.

पत्र बघून तू आधी हसशील. दोन-दोन मोबाईल बाळगणारा माणूस पत्र लिहून राहिला म्हणून. पण फोनवर तू मधीच 'जेवलास का' विचारतीस, अन् मला जे बोलायचं ते राहूनच जातं. सहा वर्षं झाली असं राहून.

इकडं सगळं ठीक. अण्णांचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी येळवशीच्या अवसेला गावाकडं शेतातल्या पूजेला जायचंच म्हणून हट्ट धरून बसलेत. सिंधु म्हणते, "मामांजींना बाजेवर घालून नेऊ, पण आंबील शेतातच पाजू." लई बोलते, पण करते सगळं. तू येळवशीला केलेल्या भाज्या-दाण्यांच्या भज्जीची आठवण काढत होती. माझंही काम बरं चाललंय. वरातीचं डीजे मी कमी केलंय, आता सभा, भाषणं, गॅदरिंग असलंच जास्त. मागच्या आठवड्यात विष्णुपुरीच्या कॉलेजात होतो.

आता तुझ्या फोनचं. तुझ्या मेसला जेवणाऱ्या पोरींनी क्लासच्या गॅदरिंगला तुझं नाव देऊन टाकलं, हे ऐकून मला आधी लई आनंद झाला. लातूरला कुठून कुठून लेकरं डॉक्टर व्हायला येतात, अन् तुझ्या हातची भाकरी खाऊन तुलाच गायला लावतात, वा रे वा! मग तू म्हणलीस, "हरी, साऊंड तूच करायचं. मागच्या वेळी त्या मेल्या माइकनं दगा दिला. आता चांगला माइक आण अन् मिक्सरवर तूच बस. तुझ्याबिगर माझा कुणावर भरोसा न्हाई."

मी म्हणलं, तारीख बघून सांगतो. ताई, तारीख मोकळी आहे.

पोरींनी मोबाईलवर तुझं गाणं लावलं अन् म्हणाल्या, "मावशी, हा आवाज तुमचा कसा असंल? हा तर बारक्या पोरीचा हाय." हे सांगताना तू खदखदा हसत होतीस. मला काही हसू आलं न्हाई. तो आवाज मी बारीक केलाय.

तुझी सीडी निघाली तेव्हा मी वीस वर्षांचा. एकच गाणं, 'येळवशीला येशील का'. पोस्टरवर छापलं होतं 'पॉप सिंगर वर्षाराणी', अन् दाजी महिनाभर "ओ पॉप सिंगर, चहा टाका" म्हणत फिरायचे. गाणं सावकाश होतं. माणूस ऐकता ऐकता हातातलं काम ठेवून बसायचा. पण वरातीत बसायला कोण येतं? मी त्याची चाल पळवली, खाली ढोल टाकला. चाल पळवली की आवाज बारीक होतो, तो झाला. मग हलगी मिक्स केलं, लग्न मिक्स केलं, अन् एक क्लब मिक्स. नांदेडात तेव्हा क्लब कुठला आलाय, पण नाव झोकदार वाटलं म्हणून दिलं. प्रत्येक कडव्यात माझ्याच आवाजात 'डीजे हरिओम, नांदेड' असं भरलं. तुझं नाव सुरुवातीला एकदा येत होतं, त्याच्यावर ढोल पडला. मोबाईलात गाणी भरून देणाऱ्या दुकानांतून ते उदगीरपासून हदगावपर्यंत गेलं. तू म्हणलीस, "चालू दे की, माझ्या भावाचं नाव होतंय." एका शब्दानं रागावली असतीस तर बरं झालं असतं.

रागावणार कशी म्हणा! भूकंपात आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू तेराची. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जीव नको व्हायचा. तू ओला पंचा माझ्या अंगावर टाकून थोपटत गायचीस, शब्द आठवले न्हाईत की त्या जागी 'हरी हरी' घालायचीस. मला आईचा आवाज आठवत न्हाई ताई. तुझाच आठवतो.

अन् मी काय केलं? ऐक आता. बसून वाच.

सहा वर्षांमागचा चाकूरचा गणपतीतला कार्यक्रम, साऊंड माझाच. पुण्याहून कंपनीचा माणूस तुला ऐकायला आला होता, पुढच्या सीडीसाठी. तू जांभळी साडी नेसली होतीस. पहिलं कडवं म्हणलीस अन् पोरांनी गलका सुरू केला, "हे न्हाई, डीजेवालं लाव! ही चुकीचं म्हणून राहिली!" ज्या बाईचं गाणं, तिलाच चुकीचं म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला मागून माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला. हरिओम, हरिओम. हजारभर माणूस असंल. मला खोटं बोलायचं न्हाई, ते मला गोड लागलं.

माइक बंद पडला नव्हता ताई. मिक्सरवर आवाज चढवायची-उतरवायची पट्टी असते, शेवटच्या कडव्याच्या तोंडाला तुझ्या माइकची पट्टी मी या बोटानं खाली ओढली. अन् क्लब मिक्स लावलं.

लोक बेभान नाचले. तू खाली उतरलीस, तेव्हा मी म्हणलं, "वायर जळली, वेळेवर गाणं लावलं म्हणून निभावलं." तू माझे हात उलटेपालटे करून बघितलेस. म्हणलीस, "तुला शॉक तर न्हाई ना बसला?" वरून म्हणलीस, "तू होतास म्हणून आज इज्जत वाचली."

कंपनीच्या माणसानं जाताना कार्ड दिलं ते मला. तुला भेटलाही न्हाई. तुझ्या सासूबाई, धुरपताबाई, म्हणाल्या, "देवाच्या मनात न्हाई गं बाई, म्हणून त्यानंच आवाज बंद केला." अन् तू ते खरं मानलंस! तुळशीपुढं सुद्धा गुणगुणायचं सोडलंस. मी पुढ्यात बसून ऐकून घेतलं. देवाच्या माथी गेलं ते बरंच झालं असं वाटलं मला, इतका नीच झालो होतो.

हे गॅदरिंगच्या आधी सांगावं की नंतर, यात महिना गेला. आधी सांगितलं तर तुझं गाणं बिघडंल. नंतर सांगितलं तर तुला फसवूनच पुन्हा त्या मिक्सरवर बसल्यासारखं होईल. सिंधुला विचारलं. ती लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "आधी सांगा. गायचं का न्हाई ते त्यांचं त्या ठरवतील. तुम्ही कोण ठरवणार?" बरोबर आहे तिचं.

साऊंडला व्यंकटला पाठवतो. माझ्या हाताखालचा, पण हात माझ्यापेक्षा साफ आहे. तू बोलावलंस तर मी येईन, मिक्सरला हात लावणार न्हाई, कुठंतरी मागं उभा राहीन. न्हाई बोलावलंस तर येणार न्हाई. पण गा. माझ्यावर कितीही राग धर, बोलू नको, पण गाणं म्हण. देवानं तुला कधीच गप्प बसवलं न्हाई, ते माझं काम होतं.

अजून एक राहिलं. हे सिंधुलाही सांगितलं न्हाई. तू नेहमी म्हणतीस, "शेवटचं कडवं वाया गेलं, कुणालाच ऐकू आलं न्हाई." तसं न्हाई. पट्टी खाली असली तरी मिक्सरवर एक बटण दाबलं की तो माइक हेडफोनात ऐकू येतो. मी दाबलं. तू त्या क्लब मिक्सच्या ढोलात एका कानावर हात ठेवून, डोळे मिटून, सगळं कडवं म्हणलीस, तुझ्याच चालीत, आवाज परत येईल म्हणून वाट बघत. तसं तू सीडीतही म्हणलं न्हाईस. माझं बोट पट्टीवरच होतं. कडवं संपेपर्यंत होतं. वर नेलं न्हाई.

ते कडवं ऐकलेला एकटा माणूस,
तुझा भाऊ
हरिओम