आज वैष्णवीनं विचारलं नाही

रविवार, दिवेलागण. आंधळगाव.

जेवण गेलं नाही. नात वैष्णवी नागपूरला कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकते. शेवटचं वर्ष. उद्या सकाळच्या एसटीनं परीक्षेचं काम घेऊन जायची आहे. आमच्याच मागावरच्या कोशाच्या रेशमी साड्यांची जाहिरात केली आहे तिनं. मघाशी दाखवली. मी सवयीनं कागद आधी उलटा करून पाहिला.

"आबा, कापड नाही होय ते! मागून कोणते धागे पाहून राहिले?" हसली.

समोरून पाहिलं तर खाली एक लाल पट्टी, तिच्यात बारीक अक्षरं. बाकी सगळा कागद कोरा. नापास झाली तर? पहिल्या वर्षी कागदभर मोर-फुलं काढायची, बोटभर जागा सुटत नव्हती.

"एवढी जागा रिकामी काहून सोडली वं?"

"तुमी साडीचं अंग कोरं काहून ठेवता?"

काठ उठून दिसावा म्हणून. समजलं, पण तिला तसं बोललो नाही. का नाही बोललो?

खरं तर तो कोरा कागद नाही सलत. पूर्वी प्रत्येक चित्र आणून ती विचारायची, "आबा, बरं आहे ना?" आज विचारलं नाही. नुसतं दाखवलं. तिला आता माझ्या होकाराची गरज उरली नाही. चांगलंच आहे ना हे? मग घास का उतरत नाही?

मागावर नवा काठ धरला आहे. लाल जरा जास्त झाला की काय, कालपासून शंका येते. उद्या एसटीच्या आधी तिलाच विचारीन, बरं आहे ना.