रिकाम्या जागी शून्य

लातूर

प्रिय प्रेम,

तुझ्या आईनं नावच असं ठेवलंय की साधा मायनासुद्धा प्रेमपत्रासारखा दिसतो. बिलोलीच्या कॉलेजात शिकवायला गेलास आणि माझा फोन उचलणंच सोडलंस, म्हणून हा कागद.

आधी उसाची बातमी. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या जनुकाची जागा सापडली, आणि तीही तुझ्याच पद्धतीनं. माणसात जनुकाच्या प्रती दोन, उसात आठ-दहा; तरी आम्ही 'आहे की नाही' एवढंच बघायचो. एका प्रतीवाला ऊस आणि सहा प्रतींवाला ऊस एकाच पंगतीत! 'आहे का विचारू नका, किती ते विचारा,' असं तू कानीकपाळी ओरडायचास. तसं मोजलं, तरी उत्तर निसटत होतं. मग लक्षात आलं, यंत्राला जिथं प्रती नीट वाचता आल्या नव्हत्या तिथं सरसकट शून्य भरलं गेलं होतं. याच चुकीवरून तू अख्ख्या प्रयोगशाळेला फैलावर घेतलं होतंस ना? वाचता आलं नाही म्हणजे 'नाही' असं नसतं. किती प्रती असू शकतील, त्या प्रत्येक शक्यतेला तिचं वजन द्या. ते दिलं आणि जागा लख्ख दिसली. तेव्हा तू इथं हवा होतास.

आता घरची. नांदेडला जाऊन बाबांना तुझ्याबद्दल सांगितलं. जातीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, फक्त ताट सारून उठले. मला फार लागलं ते. सकाळी चहा घेताना म्हणाले, 'त्या मुलाला उसाखेरीज दुसरं काही कळतं का?' हा होकार की नकार, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. पण विचारलं खरं.

काल तुझ्या आईंचा फोन आला. 'लई गप गप हाय गं पोरगं, धड जेवून न्हाई राहिलं. रविवारी जळकोटला पोरगी बघाया जायचंय, तर चला म्हणला.' हे त्यांनी मलाच का सांगावं, ते तू ओळख.

म्हणून लिहितेय. बसस्टँडवर तू विचारलंस, 'लग्न करशील? हो की नाही?' बाबांशी बोलल्याशिवाय तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी गप्प राहिले. आणि जगाला शहाणपण शिकवणारा तू, माझ्या रिकाम्या जागी शून्य भरून निघून गेलास. अरे गाढवा, किती ते तरी विचारायचंस! रविवारी जळकोटला जाऊ नकोस. नांदेडला ये. उसाखेरीज तुला काय कळतं, ते बाबांना तूच सांग.

तुझीच, आठही प्रतींनी,
इरा