गुंडी मध्यावर आली की घंटा जाते

३ सप्टेंबर, मंगळवार

जूननंतर इथे एक ओळ नाही. माफी मागायची तर या पानांचीच मागते. पपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग त्यांची खाट पुढच्या खोलीत आणणं, मग शाळेच्या परीक्षा. संध्याकाळी पेन धरायचंही त्राण उरत नाही. आज लिहिते आहे, कारण आज घरात कुणाशी बोलावं कळत नाही.

पपा म्हणतात, नव्या डबीत घंटा हरवते.

डबी म्हणजे प्रीअँप, रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधला. जुना इतका घुमायचा की हारोल्ड म्हणायचा, "ताई, फ्रिज गातोय की ऑर्केस्ट्रा?" भाऊ बोलून मोकळा झाला, शोधाशोध माझ्याकडे आली. दोन आठवडे वाचत होते. शेवटी पॅसिव्ह घेतला. त्याला वीज लागत नाही. दिवा नाही. आवाज वाढवणारं आत काहीच नाही — एक कळ, एक गुंडी, संपलं. येईल तो आवाज हवा तेवढा कमी करून पुढे सोडायचा. पदरचं काही घालायचं नाही! मला ते फार आवडलं. ट्रान्सफॉर्मरवालाही एक होता, पण तो विटेसारखा जड. मी साधा निवडला. तत्त्वासाठी की कंटाळा आला होता म्हणून? आता सांगता येत नाही.

आणि घंटा म्हणजे साल्साच्या गाण्यांत बोंगोवाला बडवतो ती, गुरांच्या गळ्यातल्यासारखी लोखंडी. आमच्या काली शहरात रेकॉर्ड नुसती ऐकत नाहीत. आपली घंटा घेऊन बसायचं आणि रेकॉर्डमधल्या घंटेवर घंटा मारायची. ओब्रेरो वस्तीत हा मान चाळीस वर्षं पपांचा आहे.

मी शेजारी बसून ऐकलं. ट्रम्पेट, पियानो, सगळं जागच्या जागी. घंटाही आहे, नेहमीसारखी कुठेतरी मागे.

"पपा, आहे की."

"कुठं आहे? गुंडी पूर्ण फिरव — आली. आता मध्यावर आण — गेली. लुस दारी, बाळ, ऐक ना नीट!"

मी फिरवून पाहिली. मला दोन्ही सारखंच. पपा एकाहत्तर वर्षांचे आहेत. माझ्या चेहऱ्यावर तेवढंच दिसलं असावं.

५ सप्टेंबर, गुरुवार

गुंडी फिरवताना खरखर येत होती. झाकण काढून आत सफाईचा फवारा मारला, गुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत घोळवली, वायरींची टोकं स्पिरिटनं पुसली. इथल्या दमटपणात एवढं करावंच लागतं. खरखर गेली.

"आणि घंटा?"

पपांनी नकारार्थी मान हलवली.

हारोल्डला फोनवर सांगितलं. "ताई, तू डबी पुसत बस. कान कोण पुसणार?" मी हसले. फोन ठेवल्यावर वाटलं — का हसले?

८ सप्टेंबर, रविवार

ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा रेकॉर्डवाली मंडळी आपल्याकडे जमली. मी सकाळपासून सान्कोचोचा रस्सा शिजवत होते. नुबिया आली — दातांची डॉक्टर, आता दवाखाना बंद करून नुसत्या रेकॉर्डी जमवते, जीभ मात्र अजून ड्रिलसारखी. पपा खाटेच्या कडेवर बसले, घंटा मांडीवर. अंगात इस्त्रीचा शर्ट.

तिसऱ्या रेकॉर्डला चुकले.

आधी केसभर. मग सावरायला गेले आणि अख्खा ठेका उलटा पडला. असं कधी झालेलं नाही. आई गेली त्या वर्षीही नाही. कुणीतरी सुई उचलली. "आज उकडतंय फार," कुणीतरी म्हणालं.

नुबिया म्हणाली, "एलिएसेर, वाजवतोयस की कोंबड्या हाकलतोयस?"

सगळे हसले, पपाही. नंतर त्यांनी घंटा टॉवेलात गुंडाळली आणि उशीखाली सारली. पुन्हा काढली नाही. सान्कोचो पुष्कळ उरला आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

हारोल्ड पान्देबोनो, चीजचे गरम पाव, घेऊन आला. म्हणजे काहीतरी सांगायचं होतं. स्वयंपाकघरात दार लोटून हलक्या आवाजात बोलला: बोगोताचा एक संग्राहक सगळ्या रेकॉर्डी एकरकमी न्यायला तयार आहे, शनिवारी येतो. "ताई, आपण काय त्यांचे वैरी आहोत? ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या उशाशी दोन भिंती रेकॉर्डी! रोज बघून रोज झुरणार. त्यापेक्षा गेलेल्या बऱ्या."

त्याचं अगदीच चूक आहे असं मला म्हणता आलं नाही.

पुढच्या खोलीतून पपांचा आवाज आला, "विकून टाका. टकल्याच्या घरात कंगव्यांचं दुकान कशाला?"

हारोल्ड खाली मान घालून पान्देबोनो चावत राहिला. मी पपांपाशी जाऊन बसले. "कदाचित डबीच वाईट असेल," म्हणाले.

"नाही, बाळ. तू ऐकलंस ना? तुला सगळं येतं ऐकू. मग मीच गेलो कामातून."

माझ्या कानांच्या भरवशावर बोलत होते ते.

१० सप्टेंबर, मंगळवार

पपांना कुजबुज ऐकू आली. लोटलेल्या दारामागची. मग घंटा का नाही?

११ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर वर्गात तेच डोक्यात. पपा पहिल्या दिवसापासून म्हणताहेत — मध्यावर जाते, पूर्ण उघडली की येते. म्हातारा कान गुंडी बघून बहिरा होतो का? मी इतिहास शिकवते. साक्षीदार म्हातारा आहे एवढ्यावरून साक्ष खोटी ठरत नाही, हे शाळेतल्या मुलींना मीच सांगते. घरी मात्र पपांचं वय आधी पाहिलं, मग त्यांचं म्हणणं.

मधल्या सुट्टीत नुबियाला फोन केला. सरळच विचारलं, "रविवारी आमच्याकडे घंटा ऐकू येत होती का?"

नुबियाला शब्द जुळवावे लागले — ही नवलाचीच गोष्ट!

"खरं सांगू? गोधडीखालून आल्यासारखी. झांजांचंही तेच. सगळ्यांनाच जाणवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, माणूस चुकला तर मी तोंडावर बोलेन. पण दुसऱ्याच्या घरातल्या आवाजाला नाव ठेवायचं? त्याच्या आईच्या हातच्या जेवणाला नाव ठेवल्यासारखं ते! तू नवी डबी घेतलेली, एवढी मिरवत होतीस... आम्हाला वाटलं, तुम्हाला मऊ आवडतं."

सगळ्यांना जाणवलं. सगळे उकाड्यावर बोलत बसले. आणि पपांनी घंटा उशीखाली ठेवली. राग येतोय, पण कुणाचा ते ठरवायलाही थकवा आलाय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पाचला डोंगरावरून वारा सुटला तशी नुबिया आली. हारोल्डलाही बोलावून घेतलं होतं. पपा भिंतीकडे तोंड करून पडलेले. नुबियानं खाट हलवली. "ऊठ, नवरदेवा. गुंडीचं काय म्हणतोस ते सांग मला."

पपांनी सांगितलं, अनिच्छेनं. तिनं गुंडी या टोकाला नेली, त्या टोकाला नेली, मध्यावर थांबवली. मग वाकून वायर बघत चालायला लागली — खाटेखालून, दाराच्या चौकटीवरून, कपाटामागून, पलीकडच्या भिंतीपर्यंत. खाट आणली तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर तिकडे नेला होता आणि डबी पपांच्या हाताशी ठेवली होती. मीच.

"ही वायर आहे की गावभर फिरणाऱ्या एमिओ बसचा मार्ग? पोरी, या डबीला स्वतःचा जोर नाही. एवढं लांब ढकलायचं कुणी? बारीक आवाज वाटेतच गळतात. मध्यावर सगळ्यात जास्त. पूर्ण उघडली की तिचा अडसरच उरत नाही, म्हणून येतात. म्हातारा बरोबर बोलत होता."

"वायर आखूड ठेवा" हे मी वाचलं होतं! आणि ठेवलीही होती — रेकॉर्ड प्लेअरपासून डबीपर्यंतची. डबीपासून पुढची आठ मीटर. वाचून समजलं असं वाटणं आणि समजणं... जाऊ दे.

हारोल्डनं अ‍ॅम्प्लिफायर उचलून खाटेजवळ आणला. डबी ते अ‍ॅम्प्लिफायर आता वीतभर वायर. लांब वायरी स्पीकरच्या, त्यांना लांबी चालते. रविवारचीच रेकॉर्ड लावली. गुंडी मध्यावर.

पपांनी हात वर केला. कुणी हललं नाही.

"अरे!" हारोल्ड म्हणाला. "अरे, ही तर काचेसारखी वाजते!"

नुबियानं डोळे मिटले. पपांनी उशीखालून टॉवेल ओढला, घंटा काढली, दोन आवर्तनं नुसती मान डोलवली आणि मग मारायला लागले. शेवटपर्यंत. एकही ठोका इकडेतिकडे नाही! शेजारची बाई खिडकीशी येऊन नाचायला लागली.

हारोल्ड बोगोताला फोन लावायला उठला. "शनिवारचं रद्द म्हणून सांगतो."

"रद्द कशाला?" पपा म्हणाले. "येऊ दे बिचाऱ्याला. ऐकव, जेवू घाल आणि रिकाम्या हातानं पाठव!"

हारोल्डनं मला मिठी मारली. "ऐकलंस ना, ताई? ऐकलास फरक?"

"हो," मी म्हणाले. टाळ्याही वाजवल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

हारोल्ड पपांना न्हाव्याकडे घेऊन गेला. घरात मी एकटी. तीच रेकॉर्ड, गुंडी मध्यावर. आखूड वायर लावून ऐकली, मग लांब लावून, मग पुन्हा आखूड. घंटा कुठेतरी मागे, नेहमीसारखी. तिन्ही वेळा तशीच.

उद्या: कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची. माझ्यासाठी.