कुंकवाचं बोट

बुकित बातोक, सिंगापूर
२ मार्च २०२५

चि. उद्धव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकीलबाईंनी दाव्याचे कागद पाठवले. वन-नॉर्थला ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्याउभ्या वाचले आणि हातातली कॉफी तशीच बेसिनमध्ये ओतली. भाऊबीजेच्या पत्राच्या कोपऱ्यात मी आईच्या रीतीप्रमाणे कुंकवाचं बोट लावलं होतं. तुमच्या अमेरिकन तुरुंगातल्या शहाण्यांनी तो डाग अमली पदार्थ ठरवला आणि तुला एकेचाळीस दिवस एकट्याला कोठडीत डांबलं! तपासणीत हळद आणि चुना निघाल्यावरही सोळा दिवस सोडलं नाही. आणि मला काय कळवलंस, तर थंडीमुळे पत्राला उशीर झाला.

दारू पिऊन गाडी चालवलीस, एका माणसाचा पाय गेला, त्याची शिक्षा तू भोगतोयस. त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. पण ही शिक्षा माझ्या बोटामुळे झाली. सोडू नकोस त्यांना. चांगली घसघशीत भरपाई घे.

प्रसन्न आणि तुझी भाची जाई आठवण काढतात. पुन्हा काही लपवलंस तर याद राख.

तुझी,
ताई

अमेरिका
३० मार्च २०२५

ती. ताईस,
उद्धवचा शि. सा. न.

चिडशील म्हणूनच सांगितलं नव्हतं. आता हातात कॉफी असेल तर आधी खाली ठेव. इथला कायदा असा, की कैद्याला शरीराची इजा दाखवता आली नाही तर मनाच्या त्रासाची भरपाई मिळत नाही. वकीलबाईंनी तीनदा विचारलं, एखादा व्रण, मोडलेलं हाड, काहीतरी आहे का. मी काय दाखवू? विसाव्या दिवसापासून ऐकू यायच्या त्या, वारलेल्या आईच्या हाका? जिंकलो तरी बहुधा नावापुरता एक डॉलर मिळेल, आणि वकिलाची फी भरपाईच्या दीडपटीवर जाऊ देत नाहीत, म्हणून तुरुंगाकडून फीपोटी दीड डॉलर.

तिथे एकदा भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं होतं. तुझा चेहरा आठवला आणि थांबलो. आता वाटतं, आपटलं असतं तर निदान कागदावर काही दिसलं असतं.

दावा मागे घेतला तर लायब्ररीत काम देतो म्हणतात. काय करू ते कळव. जाईला गोड पापा.

तुझा,
उद्धव

बुकित बातोक
१२ एप्रिल २०२५

चि. उद्धव यास,
अनेक आशीर्वाद.

डोक्याचं असलं पुन्हा लिहिलंस तर तिकीट काढून तिथे येईन आणि दोन थोबाडीत देईन. त्याचे वळ दाखव मग कोर्टाला.

मामाला रक्त आलं नाही म्हणून भरपाई नाही, हे ऐकून जाईने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, लाइक दॅट ऑल्सो कॅन? म्हणजे, असंही चालतं? तिला काय सांगणार, माझंच डोकं फिरलंय. एकेचाळीस दिवस माणूस बंद केला आणि म्हणे लागलंय कुठे!

दावा मागे घ्यायचा नाही. लायब्ररी गेली उडत. एक डॉलर तर एक डॉलर. ते कुंकू होतं आणि तुझा काही गुन्हा नव्हता, एवढं मला न्यायाधीशाच्या सहीने लिहून हवंय.

या पत्राला कुंकू लावलेलं नाही. आपल्याकडे असं कोरं पत्र कधी येतं ते तुला माहीत आहे, म्हणून सांगते, घाबरू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. लिफाफा बंद करताना हात आपोआप करंड्याकडे गेला होता. मागे घेतला. त्याची भरपाई कुठल्या कायद्यात बसते, विचार तुझ्या वकीलबाईंना.

जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी,
ताई