विहिरीची पाळी आणि सायलीचे आकडे

३ एप्रिल, गुरुवार
आज लई बरं वाटतंय. नात सायली बारामतीहून आली आन् आल्या आल्या माझ्या हातात मोबाईल. "आजी, विहिरीच्या पाळीचं ॲप केलंय. तिसरी शिकलेलीला कळलं की समद्यांना कळलं." लासुर्ण्यात आमची सामाईक विहीर एक, घरं दोन. आमचं आन् धाकट्या दिराचं. पाण्याचा वॉल कुणी कधी आपल्या वावराकडं फिरवायचा ते आजवर मोटारीच्या खोलीत पाटीवर खडूनं लिवायचो. त्यावरनं मागल्या साली दात पडलेत, भाऊजींचे दोन. आता मोबाईलवर. खुशीत चहात साखर दोनदा पडली.

५ एप्रिल, शनिवार
भाऊजी पाटी वाचताना आकड्यांच्या कडेला उसाचं पान उभं धरतात, नजर ढळू नये म्हणून. मोबाईललापण तसंच धरलं. पर आकडे एकाखाली एक न्हाईत, एक रुंद, एक बारीक. निम्मे पानाखाली.
"वैनी, तुमच्या नातीचे आकडे पिलेले दिसत्यात."
"तुमच्या घरी जाऊन आले असतील."
हसले, सगळे दात न्हाईत तरी. सायली म्हणली, सरळ करते.

७ एप्रिल, सोमवार
केले. समदे सारख्या रुंदीचे, लष्करासारखे उभे. पाचाचं वळण तेवढं परकं दिसलं, आपल्या शाळेतलं न्हाय. मला वाटलं नवीन फॅशन. बोलले न्हाय.

८ एप्रिल, मंगळवार
बोलायला पाह्यजे हुतं.
आमची पाळी पाचपर्यंत. भाऊजींनी तो परका पाच चार धरला आन् चारलाच वॉल फिरवला. लेक बाळू उसात उभा, पाणी तुटलं. धावत गेला. शिव्या, मग भाऊजींच्या छातीवर हात टाकला. भाऊजींच्या लेकानं, दत्तानं, खोरं घातलं, बाळूच्या कानाच्या वर. रक्त नुसतं भळाभळा. बाळू पडला तरी दत्ता दुसरा घाव उचलतोय. माझ्या हातात दुधाची किटली, भरलेली. दत्ताच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला लिवू, बरं वाटलं. सत्तरीत एवढा जोर हाय म्हणून...
दूध, रक्त, चिखल, समदं एक.

९ एप्रिल, बुधवार
बाळूला नऊ टाके. बारामतीच्या दवाखान्यात सायली बाकावर रडतीय. "चूक माझी हाय, आजी." मला समजून सांगितलं. आकड्यांना दोन गोष्टी लावायच्या हुत्या, आपलं मराठी वळण आन् सारखी रुंदी. वळण आधीच लावलेलं. रुंदी मागनं वेगळी लिवली, तर दुसरीनं पहिली पुसली. दोन्ही एकाच कंसात लिवायच्या असतात.
म्हणलं, "एकाला जुंपलं आन् दुसरा सुटला?"
"व्हय."
"मग दोघांना एका जुवाला बांध. रडतीस काय."
बाळू खाटेवरनं म्हणला, "बांधा. शनिवारी परत पाचलाच पाळी बदलती. त्या दिवशी दत्त्याला विहिरीतच घालतो."
टाके घातलेलं डोकं, पर आवाज खणखणीत. त्याचा बाप असाच.

११ एप्रिल, शुक्रवार
सायलीनं दोन्ही एका कंसात घातलं. मी उसाचं पान लावून पाह्यलं, रांग सरळ, आन् पाच माझ्या शाळेतला. मुका घेतला पोरीचा. तशीच भाऊजींकडं गेले. जाऊबाईंनी पाणी इचारलं न्हाय. दत्ताचा हात गळ्यात, प्लास्टर.
"काकी, ह्या हातानं उघडू का तुमचं ॲप?"
"डाव्यानं उघड. तो मी ठेवलाय."
भाऊजींनी पान लावलं, लई वेळ पाह्यलं. "पाच," म्हणले. "आता बरोबर हाय." मग मोबाईल परत दिला. "वैनी, आकड्यांचं मिटलं. पोरांचं न्हाय."

१२ एप्रिल, शनिवार
दु. पावणेपाच. बाळू दवाखान्यातनं कालच आलाय, डोक्याला पट्टी, कोयता घेऊन विहिरीवर गेला. मी वाटेत आडवी झाले, मला उचलून बाजूला ठेवलं, पोत्यागत. गच्चीवरनं दिसतंय. दत्ता वॉलपाशी बसलाय, डाव्या हातात कुऱ्हाड. दोघांच्या मधी भाऊजी, मोबाईल डोळ्यापाशी धरून. कुणी हलत न्हाय. सायली विहिरीवर जायला गाडी काढतीय, मी मागं बसणार.
पाचाला अजून दहा मिन्टं हायेत.